फारसी बालकथांतील हसू आणि आश्चर्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘फारसी बालकथा’ असे म्हणताना नेमक्या कोणत्या गोष्टी अभिप्रेत असतात?

तीन वाटांनी आलेल्या गोष्टी या एका नावाखाली एकत्र येतात. पहिली वाट घराघरांत तोंडी सांगितल्या गेलेल्या लोककथांची आहे. १९४० साली रेडिओ तेहरान सुरू झाल्यावर फजलुल्ला मोहतदी सोबही मुलांना रेडिओवरून या कथा सांगू लागले, श्रोत्यांकडून त्यांनी गावोगावचे पाठ, म्हणजे त्याच कथांची वेगवेगळी रूपे, मागवले आणि त्यांचे संग्रह छापले. दुसरी वाट अभिजात ग्रंथांतून निवडून सोप्या गद्यात आणलेल्या कथांची आहे. या कामात इराणमधील यझ्द शहराजवळ जन्मलेल्या मेहदी आझर यझ्दी (१९२२–२००९) यांच्या ‘चांगल्या मुलांसाठी चांगल्या गोष्टी’ या आठ भागांच्या मालिकेचे स्थान इतके मोठे आहे, की त्यांचा स्मृतिदिन, म्हणजे इराणी पंचांगातील तीर महिन्याची १८ तारीख, इराणमध्ये बालसाहित्य दिन म्हणून पाळला जातो. तिसरी वाट विसाव्या शतकात मुलांसाठीच लिहिल्या गेलेल्या नव्या कथांची आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेली बालपुस्तक परिषद आणि १९६५ मध्ये स्थापन झालेली, सगळीकडे नुसत्या ‘कानून’ या नावाने ओळखली जाणारी मुलांच्या बौद्धिक विकासाची संस्था यांच्यामुळे ही वाट रुंद झाली. फारसी भाषा अफगाणिस्तान आणि ताजिकिस्तानातही बोलली जाते. येथील उत्तरे मात्र मुख्यतः इराणमधील कथांविषयी आहेत.

या गोष्टींत विनोद नेमका कोठून सुरू होतो?

पहिल्या वाक्यापासून. ‘एक होता, एक नव्हता, देवावाचून कोणीच नव्हते’ अशा अर्थाच्या वाक्याने इराणी गोष्ट उघडते. कोणीतरी होते असे सांगायचे आणि त्याच श्वासात ते नव्हतेही असे सांगायचे, यामुळे ऐकणाऱ्या मुलाला सुरुवातीलाच कळून चुकते की येथे नेहमीचे नियम चालणार नाहीत आणि तरीही सांगणारा माणूस अगदी गंभीर चेहऱ्याने बोलणार आहे. विधान गंभीर आणि त्यातला मजकूर अशक्य, ही जोडी पुढे गोष्टभर टिकते.

शेवटही तसाच असतो. एका प्रचलित समारोपात ‘आमची गोष्ट संपली, कावळा काही घरी पोहोचला नाही’ असे म्हणतात, आणि गोष्टीत कावळा आलेलाच नसला तरी म्हणतात. दुसरा समारोप मला त्याहून आवडतो. ‘वर गेलो तर दही होते, खाली आलो तर ताक होते, आमची गोष्ट खोटी होती’ असे सांगून मोकळे व्हायचे. फारसीत ताकाला ‘दूग’ आणि खोट्याला ‘दोरूग’ म्हणतात, त्यामुळे यमक नेमके जुळते. सांगणाऱ्याने दही आणि ताक यांची अदलाबदल केली, तर शेवटी ‘मास्त’ म्हणजे दही येते आणि त्याला ‘रास्त’ म्हणजे खरे हे यमक जुळते. म्हणजे आज रात्री खोटी ठरलेली गोष्ट उद्या रात्री खरी ठरू शकते, आणि तो निर्णय अगदी शेवटच्या क्षणी यमकावर सोपवलेला असतो. मुले हा निकाल कानांत प्राण आणून ऐकतात.

एकच वाक्य पुन्हा पुन्हा येऊनही मुले कंटाळत का नाहीत?

कारण फारसी गोष्टीतले पुनरावर्तन ही वाट पाहण्याची तयारी असते. आपल्याला पुढचे वाक्य ठाऊक आहे, हा अभिमान मुलाला आधी मिळतो. आणि त्या ठाऊक असलेल्या वाक्यात एखादाच शब्द बदलला की हसू फुटते. आश्चर्य आभाळातून कोसळावे लागत नाही. तीच गोष्ट चौथ्यांदा येते आणि थोडी वेगळी येते, एवढे पुरते. या परंपरेविषयी एकच गोष्ट सांगायची असेल तर मी हीच सांगेन.

‘न बोलावलेले पाहुणे’ या गोष्टीत एका म्हातारीचे घर चाळणीएवढे लहान असते. पावसाच्या रात्री दारावर थाप पडते आणि भिजलेली चिमणी आसरा मागते. मग कोंबडी येते, कावळा येतो, मांजर आणि कुत्रा येतात, शेवटी गाढव आणि गायही येते. म्हातारी प्रत्येकाला त्याच मायेने आत घेते आणि चाळणीएवढे घर काही भरत नाही. सकाळी ती एकेकाला निरोप देऊ लागते, तेव्हा चिमणी विचारते की तुझ्यासाठी चिवचिव करणारी, तुझ्यासाठी इवलेसे अंडे घालणारी मी, मीसुद्धा जाऊ का? म्हातारी म्हणते, नाही, तू राहा. मग प्रत्येक प्राणी आपापल्या आवाजात आपापली उपयुक्तता त्याच चालीवर मांडतो. मांजराचा दावा, गाढवाचा दावा, गायीचा दावा हे सगळे एकाच साच्यात बसवलेले असतात, आणि साचा तोच असल्यामुळे चिमणीच्या चिवचिवीच्या जागी गाढवाचे ओरडणे आले की ते दुप्पट मोठे ऐकू येते. यातले आश्चर्य कोणालाही दुखवत नाही. जागा नाही म्हणून पाहुणे बाहेर जातील, असे हिशेबाने वाटत असते, आणि म्हातारी हिशेबच करत नाही.

‘खाले सूस्के’ म्हणजे झुरळमावशीची गोष्ट याच पद्धतीने बांधलेली आहे, पण तिच्यात धार आहे. कांद्याच्या आणि लसणाच्या सालींचा साज लेवून झुरळमावशी घराबाहेर पडते. तिला बापाच्या उपकारांखाली राहायचे नाही. हमदान शहरी जाऊन रमजान नावाच्या माणसाशी लग्न करायचे आणि गव्हाची भाकरी खायची, असा तिचा बेत असतो. वाटेत कोणी तिला नुसते ‘झुरळमावशी, कोठे निघालीस?’ असे विचारले, तर ती रागावते आणि आपल्याला कोणत्या मानाच्या शब्दांनी हाक मारायची हे शिकवते. त्या शब्दांत तिची यझ्दची चादर आणि तिचे लाल जोडे यांचा उल्लेख असलाच पाहिजे. लग्नाची मागणी घालणाऱ्या प्रत्येकाला ती एकच प्रश्न विचारते : आपले भांडण झाले तर तू मला कशाने मारशील? खाटीक म्हणतो सुऱ्याने, वाणी म्हणतो वजनाच्या दगडाने. प्रश्नाचे शब्द बदलत नाहीत, नकाराचे शब्द बदलत नाहीत. शेवटी उंदीर येतो आणि म्हणतो, माझ्या मऊ नाजूक शेपटीने. काही पाठांत तो पुढे म्हणतो की शेपटी सुरम्यात बुडवून तुझे डोळे आंजीन. इतका वेळ धंद्यातल्या हत्यारांची यादी ऐकल्यावर शेपटीचे उत्तर आले की लहान मुले खुदकन हसतात, आणि मोठ्यांना त्या प्रश्नामागची भीतीही ऐकू येते.

भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी इराणमध्येही आहे, हे खरे आहे का?

होय, आणि मराठी वाचकाला ती भेटली की फार आनंद होतो. फारसीत तिच्या गोष्टीचे नाव ‘कदू केलकेलेजन’, म्हणजे गडगडणारा भोपळा. लेकीकडे निघालेली वाळकी म्हातारी वाटेतल्या हिंस्र प्राण्यांना सांगते की लेकीकडे जाईन, पुलाव खाईन, लठ्ठ होईन, मग मला खा. परतताना भोपळ्यात बसलेली ती, म्हातारी पाहिलीस का असे विचारणाऱ्याला शपथेवर सांगते की पाहिली नाही, आणि मला ढकल म्हणजे मी गडगडत जाईन असेही वर सांगते. आपल्याकडील ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ म्हणणारी म्हातारी आणि ही म्हातारी सख्ख्या बहिणी शोभाव्यात इतक्या सारख्या आहेत.

दोघींच्या गोष्टींत विनोदाची जागाही एकच आहे. शिकारी स्वतःच्या हाताने शिकारीला पुढे ढकलतो, आणि भोपळ्याच्या आत कोण आहे हे त्याच्याखेरीज गोष्ट ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. फरक कानाला जाणवतो : मराठी भोपळा उडी मारत जातो, फारसी भोपळा घरंगळत जातो, आणि दोन्ही भाषांतल्या ओळी त्या त्या चालीवर बसवलेल्या आहेत.

लांडगा शेवटी हरणार हे आधीच ठाऊक असते. मग त्यात आश्चर्य कसले?

हरणार हे ठाऊक असते, कसा हरणार हे ठाऊक नसते. ‘शंगूल, मंगूल आणि हब्बे-ये-अंगूर’ ही तीन करडांची गोष्ट इराणमध्ये सर्वांना पाठ असते. आई बाहेर गेल्यावर लांडगा आवाज आणि पंजा बदलून घरात शिरतो, दोन करडांना गिळतो आणि सर्वांत धाकटे हब्बे-ये-अंगूर लपून वाचते. इथपर्यंतची गोष्ट पुष्कळ देशांत सापडते. तिचा फारसी रंग पुढे चढतो.

आई शेळी एकेका प्राण्याच्या छपरावर चढून पाय आपटते. खाली जेवण शिजत असते, त्यात माती पडते आणि आतून वैतागलेला प्रश्न येतो की वर धपधप करून आमच्या आशमध्ये धूळ कोण पाडते आहे? पिल्ले हरवल्याच्या दुःखात असलेली आई आणि घट्टसर रश्शात माती पडली म्हणून चिडलेला घरमालक यांची ही गाठ फार नेमकी आहे, कारण दुसऱ्याच्या घरातले संकट आपल्याला बहुधा असेच, छपरावरच्या आवाजासारखे, ऐकू येते. शेवटी लांडगा कबुली देतो आणि लढाईचा दिवस ठरतो.

त्यानंतर दोघेही तयारीला लागतात. शेळी दूध-लोणी घेऊन कारागिराकडे जाते आणि शिंगांना धार लावून घेते. लांडगाही दातांना धार लावून घ्यायला न्हाव्याकडे जातो, पण मोबदला म्हणून हवेने फुगवलेली पिशवी नेतो. न्हावी पिशवी उघडतो, आतून नुसता वारा सुटतो, आणि रागावलेला न्हावी लांडग्याचे दात उपटून त्यांच्या जागी कापूस बसवतो. लांडग्याला हे कळतच नाही. तो ऐटीत लढायला येतो. येथे मुलाच्या हाती दोन गोष्टी एकदम येतात : पुढे काय होणार याची खात्री, आणि लांडग्याला ती नाही याची गंमत. लांडग्याला कोणा देवदूताने हरवलेले नाही. कामाचे दाम न देण्याच्या त्याच्या सवयीने हरवले आहे, आणि हे गोष्टीने एकदाही बोलून दाखवलेले नाही.

अभिजात ग्रंथांतल्या कथा मुलांना हसवू शकतात का?

काही कथा नक्कीच हसवतात, आणि त्यांतली माझी आवडती सूफी कवी रूमी यांच्या ‘मस्नवी’ या काव्यग्रंथाच्या पहिल्या भागात आहे. एका वाण्याच्या दुकानात बोलका पोपट असतो. एकदा त्याच्या उडण्याने तेलाच्या बाटल्या सांडतात, वाणी रागाच्या भरात त्याच्या डोक्यावर मारतो, पोपटाला टक्कल पडते आणि तो बोलणेच सोडून देतो. वाणी पश्चात्तापाने स्वतःची दाढी उपटतो, दानधर्म करतो, पण पोपट गप्पच. काही दिवसांनी रस्त्यावरून एक तुळतुळीत डोक्याचा फकीर जातो. त्याला पाहताच पोपट बोलतो : ‘अरे टकल्या, तूही तेलाची बाटली सांडलीस का?’

मौन इतके लांबवल्यानंतर पहिला शब्द हा यावा, यात सगळी करामत आहे. आणि पोपटाचा तर्क त्याच्या अनुभवापुरता अगदी चोख आहे. त्याच्या जगात टक्कल पडण्याचे एकच कारण असते. लहान मूलही असेच, हाताशी असलेल्या एका उदाहरणावरून सबंध जगाचा नियम काढते, म्हणून त्याला या पोपटात स्वतःची ओळख पटते. रूमी पुढे या कथेतून वरवरच्या साम्यावरून माणसांची तुलना न करण्याविषयी बोलतात. मुलांच्या आवृत्तीत ते विवेचन गाळले, तरी कथा उणी होत नाही.

त्याच ग्रंथात व्यापाऱ्याच्या पोपटाची कथा आहे आणि तिच्यातले आश्चर्य निराळ्या जातीचे आहे. व्यापारी हिंदुस्थानला निघतो, पिंजऱ्यातला पोपट तिथल्या पोपटांना निरोप पाठवतो, आणि निरोप ऐकताच तिथला एक पोपट थरथरून मरून पडतो. परत येऊन व्यापारी ही हकिकत सांगतो, तेव्हा त्याचा पोपटही तसाच पडतो. तो रडत रडत त्याला पिंजऱ्याबाहेर टाकतो आणि पोपट उडून फांदीवर बसतो. हिंदुस्थानातल्या पोपटाने मरण्याचे सोंग करून सुटकेची युक्ती कळवलेली असते. निरोप पोहोचवणाऱ्या व्यापाऱ्याला निरोपाचा अर्थ सर्वांत शेवटी कळतो, आणि पहिल्यांदा ऐकणारे मूलही त्याच्याच बरोबर थक्क होते.

भारतातल्या कथांशी या परंपरेचे काही नाते आहे का?

नाते जुने आणि सिद्ध आहे. सहाव्या शतकात खुस्रो अनुशिरवान या इराणच्या सासानी राजाच्या काळी बुर्झोय या वैद्याने पंचतंत्रातल्या कथा मध्य फारसीत नेल्या. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा याने त्या अरबीत आणल्या आणि बाराव्या शतकात नसरुल्ला मुन्शी याने त्या पुन्हा फारसीत आणल्या. ‘कलीला व दिम्ना’ हे त्यांचे फारसीतले नाव करटक आणि दमनक या दोन कोल्ह्यांच्या नावांवरून आले आहे. आझर यझ्दी यांच्या मालिकेचा एक भाग याच ग्रंथावर आधारलेला आहे.

मुल्ला नसरुद्दीनच्या गोष्टी मुलांसाठी मानाव्यात का?

निवडून मानाव्यात. त्याच्या नावावर सगळ्या तऱ्हेच्या गोष्टी जमा झाल्या आहेत आणि त्या इराणपुरत्याही नाहीत. पातेल्याची गोष्ट मात्र मुलांना बिनदिक्कत सांगावी. मुल्ला शेजाऱ्याचे पातेले उसने नेतो आणि परत करताना आत एक लहान पातेले ठेवून सांगतो की तुमचे पातेले व्याले. शेजारी आनंदाने ते घेतो. पुढच्या वेळी मुल्ला पातेले परतच करत नाही आणि सांगतो की ते वारले. पातेले कसे मरेल, असे विचारणाऱ्याला तो म्हणतो, व्याले यावर विश्वास बसला, मग मेले यावर का बसू नये? फायद्याच्या वेळी मान्य केलेली अशक्य गोष्ट तोट्याच्या वेळी नाकारता येत नाही, हे आठ वर्षांच्या मुलाला एका क्षणात समजते.

सगळ्या गोष्टींचे शेवट गोड का नाहीत? मुलांना दुःख होणार नाही का?

होते, आणि ते होऊ द्यावे असे माझे मत आहे. झुरळमावशीचे लग्न होते, ती पाण्यात पडते, तेव्हा उंदीर गाजर कुरतडून त्याची शिडी करतो आणि तिला वर काढतो. गाजराची शिडी ऐकून मुले खूश होतात. त्यानंतर पुष्कळ पाठांत उंदीर तिच्यासाठी रांधायला जातो आणि शिजत्या भांड्यात पडून मरतो. हसण्याच्या भरात असलेल्या श्रोत्यावर हा शेवट अचानक येतो. सांगणाऱ्या बायकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या टिकवला, त्याअर्थी त्यांना मुलांच्या सोसण्यावर विश्वास होता. ज्यांना तो नको असेल, त्यांच्यासाठी लग्नाच्या वरातीपाशी थांबणारे पाठही छापलेले आहेत.

चौदाव्या शतकातील ओबैद झाकानी यांच्या नावावर असलेले ‘मूश व गोर्बे’ हे उंदीर-मांजराचे काव्य याहून कडक आहे. केरमानचे एक मांजर उंदीर खाल्ल्यावर मशिदीत जाऊन पश्चात्ताप करते. मांजर धार्मिक झाले, ही आनंदाची बातमी उंदरांमध्ये पसरते आणि त्यांचे प्रतिष्ठित नजराणे घेऊन त्याच्या भेटीला जातात. मांजर झेप घेते. दोन या पंजात, दोन त्या पंजात आणि एक दातांत, असे पाच उंदीर ते एका दमात धरते. तो हिशेब इतका चोख आणि इतक्या वेगाने येतो की हसू आणि भीती एकत्रच येतात. पुढे उंदीर सैन्य जमवून मांजराला बांधतातही, पण ते दोर तोडून निसटते. हे काव्य ढोंगी सत्ताधाऱ्यांवर लिहिलेले आहे आणि मुलांनी ते आपणहून आपलेसे केले.

मारहाणीचा उल्लेख असलेली झुरळमावशीची गोष्ट आजच्या मुलांना सांगावी का?

सांगावी, प्रश्न न गाळता. कोण कशाने मारेल हे लग्नाआधी विचारून तीन-तीन मागण्या परत पाठवणारी ही नायिका आहे, आणि तो प्रश्न काढून टाकला तर उंदराच्या उत्तरातली हळुवार गंमत उरत नाही. मुलीने किंवा मुलाने ‘मारायचेच कशाला?’ असे विचारले, तर गोष्टीने आपले काम केले असे समजावे.

‘छोटा काळा मासा’ ही तर गंभीर कथा आहे. तिच्यात विनोद कोठे आहे?

इराणमधील तब्रिझ शहराचे शिक्षक-लेखक समद बेहरंगी (१९३९–१९६८) यांची ही कथा ‘कानून’ने १९६८ मध्ये प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी बेहरंगी अरास नदीत बुडून मरण पावले. त्यामुळे तिच्याभोवती गांभीर्याचे वलय आहे. ओढ्याचा शेवट कोठे होतो हे पाहायला निघालेल्या लहान माशाच्या या कथेत विनोद मात्र सुरुवातीपासून आहे. तळ्यात पोहोचल्यावर काळ्या माशाला बेडकाची पिल्ले भेटतात. ती आपल्या उच्च कुळाविषयी आणि अद्वितीय सौंदर्याविषयी बोलू लागतात. त्यांनी तळ्याबाहेर काहीच पाहिलेले नसते, आणि म्हणूनच त्यांचा आत्मविश्वास अढळ असतो.

सर्वांत विलक्षण जागा शेवटाजवळ आहे. मासेखाऊ पक्षी काळ्या माशाला गिळतो. पोटातल्या अंधारात त्याला आईसाठी रडणारा एक चिमुकला मासा भेटतो. काळा मासा त्याला युक्ती सांगतो : मी इथे वळवळून या पक्ष्याला गुदगुल्या करतो, तो हसायला लागेल, त्याचे तोंड उघडेल आणि तू बाहेर उडी मार. तसेच घडते. पक्षी खो खो हसतो, चिमुकला मासा सुटतो, काळा मासा मात्र पक्ष्याला मारण्यासाठी आत राहतो आणि पुन्हा दिसत नाही. मृत्यूच्या पोटात बसून मृत्यूला हसवायचे आणि त्या हसण्याच्या फटीतून दुसऱ्याला वाचवायचे, अशी कल्पना मुलांसाठी लिहिणाऱ्या फार थोड्यांना सुचली असेल. वाचणारे मूल गुदगुल्यांवर हसते आणि ते हसू ओसरण्याआधीच काळा मासा परतला नाही हे त्याच्या ध्यानात येते.

मग कथेची सुरुवातीची चौकट पुन्हा समोर येते. ही गोष्ट एक म्हातारी मासोळी आपल्या बारा हजार मुला-नातवंडांना सांगत असते. गोष्ट संपल्यावर अकरा हजार नऊशे नव्याण्णव मासे ‘शुभ रात्री’ म्हणून झोपतात. एका लहानशा लाल माशाला झोप लागत नाही. एवढ्या मोठ्या संख्येतून एक वजा करण्याचे हे गणित मुले बोटांवर पडताळून पाहतात.

आजच्या काळातल्या, शाळेत जाणाऱ्या मुलांच्या गोष्टींत हा विनोद कसा बदलला?

यासाठी हूशंग मोरादी केरमानी वाचावेत. १९४४ मध्ये केरमान प्रांतातील सीर्च या गावी त्यांचा जन्म झाला. लहानपणीच आई गेल्यामुळे ते आजी-आजोबांकडे वाढले. त्यांची मजीदची कथामालिका १९७० च्या दशकात आधी रेडिओसाठी लिहिली गेली, मग पुस्तकरूपाने आली आणि पुढे क्यूमर्स पूरअहमद यांनी तिच्यावर दूरचित्रवाणी मालिका केली. मजीद हा अनाथ मुलगा ‘बीबी’ या आपल्या आजीबरोबर राहतो. घरात पैसा थोडा आणि मजीदच्या डोक्यात कल्पना फार, या तफावतीतून प्रत्येक गोष्ट जन्मते.

एका गोष्टीत वर्गात निबंध लिहायचा असतो. कोणाची सेवा मोठी, या विषयावर शाळेला कोणती उत्तरे हवी असतात हे आपल्याकडच्या मुलांनाही सांगावे लागत नाही. मजीद मात्र प्रेतांना अंघोळ घालणाऱ्या माणसाची थोरवी मांडतो. तो चेष्टा करत नसतो; त्याने खरोखर विचार केलेला असतो आणि त्याचा युक्तिवाद खोडून काढणे सोपे नसते. शिक्षक संतापतात. लोककथेत लांडगा फसतो, येथे प्रामाणिकपणा फसतो. आणि वाचक हसत असताना मजीदच्या बाजूचा होतो.

त्यांच्या ‘गोड मुरंबा’ या कादंबरीत एका मुलाला मुरंब्याच्या बरणीचे झाकण उघडत नाही. आई प्रयत्न करते, शेजारी करतात, दुकानदार करतो, कोणालाच ते उघडत नाही, आणि प्रकरण वाढत वाढत कारखान्यापर्यंत जाते. बारकाईने पाहिले तर हा चाळणीएवढ्या घरात एकामागून एक येणाऱ्या पाहुण्यांचाच साचा आहे : तीच कृती, नवा माणूस, वाढता आकार. ‘खोम्रे’ या दुसऱ्या कादंबरीत वाळवंटाजवळच्या एका गावातील शाळेचा पाण्याचा रांजण तडकतो आणि तेवढ्या तड्यातून सगळ्या गावाचे स्वभाव बाहेर येतात. इब्राहिम फोरूझेश यांनी तिच्यावर केलेल्या चित्रपटाला १९९४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोकार्नो चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

चित्रांचा यात काय वाटा आहे?

मोठा आहे. ‘छोटा काळा मासा’ची चित्रे काढणारे फर्शीद मेस्गाली यांना १९७४ मध्ये चित्रकारांसाठीचे हान्स ख्रिस्तियन अँडरसन पारितोषिक मिळाले. पाने उलटणे हीसुद्धा गोष्टीतल्या विलंबाची एक रीत आहे. म्हणून धक्क्याचे चित्र आधीच्या पानावरून दिसणार नाही, याकडे वाचून दाखवणाऱ्याने लक्ष ठेवावे.

या गोष्टी मराठीत मोठ्याने सांगताना काय सांभाळावे?

ध्रुवपदासारखी येणारी ओळ दर वेळी अक्षरशः तशीच म्हणावी. सांगणाऱ्याला कंटाळा येतो म्हणून तो शब्द बदलतो आणि तेथेच विनोद मरतो, कारण मुलाने मनात जुळवून ठेवलेले वाक्य मोडते आणि खरा बदल आला की तो उठून दिसत नाही. तिसऱ्या फेरीपासून ओळीचा शेवटचा शब्द मुलांवर सोपवावा. धक्क्याच्या वाक्यावर आवाज चढवू नये; टकल्या फकिराला पोपट जो प्रश्न विचारतो, तो साध्या चौकशीच्या सुरात विचारला तर अधिक चांगला लागतो. हसू आल्यावर लगेच अर्थ समजावू नये.

नावे बदलण्याचा मोह टाळावा. हब्बे-ये-अंगूर हे नाव मुलांना पहिल्या खेपेला अवघड जाते आणि दुसऱ्या खेपेला तेच त्यांच्या तोंडी बसते. ‘आश’ला आमटी म्हटले तर चालते, पण आश म्हणजे कडधान्ये आणि पालेभाज्या घालून शिजवलेला दाटसर पदार्थ, असे एकदा सांगून शब्द तसाच ठेवणे मला अधिक योग्य वाटते.

कोणत्या वयाला कोठून सुरुवात करावी?

चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी म्हातारीचे पाहुणे आणि गडगडणारा भोपळा. त्यानंतर शेळी आणि लांडगा. सात-आठ वर्षांपासून पातेले आणि टकला पोपट. ‘छोटा काळा मासा’ नऊ-दहा वर्षांच्या मुलाबरोबर बसून वाचावा आणि एकाच बैठकीत पूर्ण करावा. मजीद अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या हाती द्यावा, कारण त्या वयात निबंधाच्या वहीचा अनुभव ताजा असतो. ‘मूश व गोर्बे’ त्याहून मोठ्या मुलांसाठी ठेवावे, आणि ते वाचून झाल्यावर मांजर कोण असेल याविषयी त्यांना हवा तेवढा वाद घालू द्यावा.